नंबर खाली आहे

मराठी येतं म्हणून जयपुरात नोकरी मिळालेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझा मुलगा आहे. त्याला मराठी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही इथे बदलीवर आलो तेव्हा तो दोन वर्षांचा होता. नवरा रेल्वेत, मी सरकारी विमा कंपनीत, मोटार दाव्यांच्या विभागात. जयपूरच्या झालाना भागातल्या ऑफिसात बावीस वर्षं मी ठोकलेल्या, जळलेल्या आणि कागदावरच चोरीला गेलेल्या गाड्या तपासल्या. मी गडहिंग्लजकडची, नवरा नागपूरचा. घरात मी 'काय करायलास?' म्हणते, नवरा 'काय करून राहिला बे?' म्हणतो, आणि मुलगा दोघांनाही 'क्या?' म्हणून उत्तर देतो. त्याला देवनागरी वाचता येते, पण ती हिंदीच्या चष्म्यातून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो एकदा भाषणाला उभा राहिला आणि 'मला शिक्षा खूप आवडते' असं म्हणून खाली बसला. पुण्याच्या एका काकूंना मुलाला घरी मारतात की काय अशी शंका आली.

असा हा मुलगा सव्विसाव्या वर्षी दोन नोकऱ्या सोडून, खरं तर दोन नोकऱ्यांनी त्याला सोडून, घरी बसला होता. पहिली एका हॉटेलात. तिथे त्याने पाहुण्याला खोलीचा खरा आकार सांगितला. दुसरी जमिनीच्या दलालाकडे. तिथे त्याने बस्सीच्या प्लॉटपासून हायवे किती लांब आहे ते मोजून सांगितलं. थोडक्यात, पोरगा कामाला वाईट नव्हता, फक्त विचारलं की सांगायचा.

मग सेठजी भेटले. सेठजी रत्नांचे व्यापारी, सिव्हिल लाइन्सच्या मागच्या अंगाला त्यांचा बंगला, आणि बंगल्यात जुन्या नऊ गाड्या. आठ गाड्यांवर त्यांचं प्रेम होतं आणि नववीवर भक्ती. नववी म्हणजे इटलीची कुंताश. जमिनीला चिकटून चालणारी, पाचरीसारखी, आणि दरवाजे कात्रीच्या पात्यासारखे वर जाणारे. एका परदेशी वकिलातीतल्या माणसाने ती भारतात आणली होती. तिथून दोन-तीन हात फिरून ती इथे पोचली. कुंताश हा म्हणे इटलीच्या एका भागातल्या बोलीतला उद्गार आहे. गाडीचं पहिलं रूप पाहून तिथल्या कारागिराच्या तोंडून निघाला आणि तेच नाव पडलं. आमच्याकडे त्या जागी 'आयला' आलं असतं. सेठजी तिला 'काउंटैक' म्हणायचे, सेठाणी 'कुंती' म्हणायच्या, आणि माळी 'वो लेटी हुई'.

या गाडीचं बंद पडलेलं इंजिन सुरू करू शकणारा एकच माणूस सापडला होता, कोल्हापूरचा एक म्हातारा मिस्त्री. मिस्त्री हिंदी बोलत नसे. समजायची त्याला सगळी, पण बोलायचं म्हटलं की 'आपल्याला जमत न्हाई' म्हणून मोकळा. सेठजींनी ओळखीच्यांत विचारलं, कोई मराठी जानने वाला लड़का है? कुणीतरी माझ्या मुलाचं नाव सांगितलं. मुलाखत अशी झाली.

"मराठी आती है?"

"घर में बोलते हैं."

ते खरंच होतं. घरात बोलतात. कोण बोलतं ते सेठजींनी विचारलं नाही.

पावसाळ्यात मिस्त्री तीन आठवडे येऊन राहिला. दुपारी जेवायला आमच्याकडे यायचा, कारण सेठजींकडच्या दाल-बाटीने त्याच्या पोटाचा संप झाला होता. माझ्या हातचा तांबडा रस्सा ओरपत तो माझ्याशी बोलायचा आणि मुलगा शेजारी बसून मान हलवायचा. मिस्त्री गेला तेव्हा मागे एक शंभरपानी वही ठेवून गेला. तिच्यात चौदा पानं बारीक अक्षरात गाडीची सगळी कुंडली लिहिली होती. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे मिस्त्री वापरत नसे. त्याच्या मते वाक्य संपलं की वाचणाऱ्याला कळतंच.

मुलाने मात्र कामात जीव घातला, हे मान्य करायला हवं. सहा महिन्यांत तो कुंताशवर आमच्या घरातल्या कुणीही मागितलं नव्हतं इतकं ज्ञान घेऊन आला. जेवताना सुरू व्हायचा. एकाच कारखान्यात, एकाच छताखाली बनलेली गाडी, पण देशागणिक तिचं रूप वेगळं. युरोपातली ती असली. तिच्या इंजिनावर सहा कार्ब्युरेटर उभे, म्हणून मागच्या झाकणावर मोठं कुबड, आणि कुबडामुळे मागचं काहीही दिसत नाही. गाडी मागे घ्यायची तर दरवाजा वर करून उंबऱ्यावर बसायचं आणि मान वळवून बघत बघत एका हाताने चालवायची. अमेरिकेने ही गाडी घेताना कायदे पुढे केले. धुराचे नियम म्हणून कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवलं, त्यामुळे कुबड गेलं. टकरीचे नियम म्हणून पुढेमागे जाडजूड बंपर लावले. बाजूंना नारिंगी दिवे, मैलांचा काटा, पट्टा न लावल्यास ठणाणा. इंग्लंडला स्टीअरिंग उजवीकडे हवं. जपानात रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा, पण तिथले शौकीन स्टीअरिंगही डावीकडेच मागतात, कारण उजवीकडे असलं तर गाडी परदेशी वाटत नाही.

"म्हणजे अमेरिकेच्या गाडीतून मागचं दिसतं?" मी विचारलं.

"थोडं दिसतं. पण आई, मतलब, वो असली नाही वाटत ना."

"मागचं दिसलं की असली वाटत नाही?"

"तू समजत नाहीस."

मी बावीस वर्षं रिव्हर्स घेताना ठोकलेल्या गाड्यांचे दावे पाहिले. मला समजत होतं.

या शौकिनांच्या जगात युरोपची कुंताश म्हणजे कुलीन घराण्यातली आणि अमेरिकेची म्हणजे बंपर लावून बाटलेली. मला ते ऐकून मंडळाची आठवण यायची. तिथेही सगळे एकाच भाषेचे, पण पुण्याचे म्हणतात की नागपूरचं मराठी हिंदी लागलेलं, नागपूरचे म्हणतात की कोल्हापूरचं भांडल्यासारखं, आणि तिघं मिळून जयपुरात वाढलेल्या पोरांकडे अमेरिकेच्या बंपरकडे बघावं तसं बघतात.

सेठजींची गाडी अर्थातच युरोपची होती. बंपर नाहीत, नारिंगी दिवे नाहीत, काटा किलोमीटरचा, आणि मागे हे भलंमोठं कुबड. सेठजी पाहुण्यांना कुबडावर हात ठेवून दाखवायचे. झाकण मात्र मिस्त्रीशिवाय कुणी उघडायचं नाही असा हुकूम होता, आणि मिस्त्री काम करताना कुणाला जवळ उभं राहू देत नसे. एकदा एका पाहुण्याने उघडलं आणि ते बोटावर पडलं. तेव्हापासून झाकणाची किल्ली सेठजींच्या तिजोरीत असायची.

फेब्रुवारीत जुन्या गाड्यांचं एक मोठं प्रदर्शन भरायचं होतं. एका हॉटेलच्या हिरवळीवर, परीक्षक टोप्या घालून येणार, बायका जरीच्या साड्या नेसून उन्हात तासभर उभ्या राहणार. सेठजींनी कुंताश उतरवायचं ठरवलं. अर्जात दोन रकाने अडचणीचे होते. एक, चासी नंबर पूर्ण, पेन्सिलच्या छापेसकट. दोन, गाडी मुळात कोणत्या बाजारपेठेसाठी बनली. खाली तपासणाऱ्याची सही. सही मुलाने करायची होती, कारण हुद्द्याने तोच तपासणारा होता. गाडीच्या नोंदणीच्या जुन्या पुस्तकात नंबराचे शेवटचे पाच आकडेच होते. पूर्ण नंबर गाडीवर कुठे आहे ते पाहायला त्याने मिस्त्रीची वही काढली.

नवव्या पानावर एक ओळ होती. काचेखालची पट्टी काढलेली आहे कुबड रिकामं नंबर खाली आहे बघून घेणे.

मुलाने ती ओळ वाचली. पुढच्या काचेखाली नंबराची पट्टी असते, ती काढलेली आहे, हे कळलं. 'रिकामं' हा त्याला एखादा सुटा भाग वाटला. 'कुबड' हिंदीतही आहे म्हणून कळलं, पण 'रिकामं' इंटरनेटवरही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. आणि नंबर खाली आहे. खाली म्हणजे काय ते त्याला शोधावं लागलं नाही. सगळ्या जयपूरला माहीत आहे. खाली डब्बा, खाली प्लॉट, खाली दिमाग. नंबराची जागा कोरी.

तरी पोराने घाई केली नाही. त्याने मिस्त्रीला फोन लावून खात्री केली. हे संभाषण त्याने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं, आणि मी तेव्हा भांडी घासत होते म्हणून हसू लपलं.

"मिस्त्रीकाका, नंबर खाली आहे ना?"

"व्हय, खाली हाय."

"पक्का खाली?"

"अरं पक्का खाली! म्या सवता बघितलाय."

"पूर्ण खाली?"

"आता आनि किती खाली असायचा लेका? जमिनीत?"

खात्री झाली. मुलगा सेठजींकडे गेला आणि विचारायच्या आधीच सांगितलं, "सेठजी, नंबर की जगह खाली है."

ज्या गाडीला नंबर नाही ती गाडी कारखान्यातून आलेलीच नाही. या गाडीच्या नकला जगभर बनतात, फायबरच्या कवचात दुसऱ्याच गाडीचं इंजिन घालून. सेठजींना घाम फुटला. आयुष्यभर नकली पाचू ओळखणाऱ्या माणसाने भक्तीची मूर्ती नकली घेतली, ही बातमी जोहरी बाजारात किती वेळात पोचेल याचा हिशोब ते करत असावेत. मग घामाचा राग झाला. राग कुणावर काढायचा, तर समोर उभा होता त्याच्यावर.

"छह महीने से तू क्या देख रहा था? कवर झाड़ रहा था? सोमवार तक असली साबित कर, नहीं तो गाड़ी भी जाएगी और तू भी."

हे शनिवारी. रविवारी सकाळी मुलगा चहाचा कप समोर ठेवून बसला होता. तिसरी नोकरी. त्याच्या वयाच्या मुलांची लग्नं ठरत होती आणि आमच्याकडे स्थळं 'मुलगा सध्या काय करतो' एवढं विचारून फोन ठेवत होती. त्याला नोकरीपेक्षा ती गाडी गेल्याचं दुःख जास्त होतं, हे मला दिसत होतं. मला नोकरीचं जास्त होतं.

"वही आण," मी म्हटलं.

मी ती ओळ वाचली. मग परत वाचली. मग मुलाकडे पाहिलं.

"नंबर खाली आहे, म्हणजे काय?"

"खाली. मतलब... कुछ नहीं है."

"खाली बस."

"बसलोय."

"आता कुठे बसलायस?"

"खुर्चीत."

"खाली बस म्हटल्यावर तू रिकामा बसलास की खुर्चीत बसलास?"

मग त्याचे कान लाल झाले. लहानपणीही चूक कळली की त्याचे कान आधी सांगायचे. चोवीस वर्षं मी या मुलाला खाली बस, खाली ठेव, खाली पाडू नकोस असं ओरडत आले होते. ते सगळं त्याला कळत होतं. पण कागदावर तोच शब्द दिसला की तो हिंदीत जायचा. वाचायला शाळेने शिकवलं होतं, मी नाही. त्यात माझीही थोडी चूक आहे. मी तेव्हा लोकांच्या गाड्या तपासत होते.

"आणि 'रिकामं' म्हणजे?"

"पार्ट?"

मीच मिस्त्रीला फोन लावला.

"काय ताई, काय म्हनतंय जयपूर?"

"मिस्त्री, तुम्ही नंबर खाली आहे असं लिहिलंय. माझ्या मुलानं तो कोरा आहे असं वाचलं."

मग मिस्त्री एवढा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आवो, कोरा कशाला असतोय! इंजनाच्या मागं आडवी नळी हाय, तिच्या खालच्या अंगाला ठोकलाय. वाकल्याबिगर दिसत न्हाई. रिकामं ते कुबड ओ! वर फायबरचा डोंगर आनि आत वारा. उंदीर बी ऱ्हायाचा न्हाई."

"म्हणजे कार्ब्युरेटर नाहीत?"

"कुठलं? इंजेक्शन हाय. सेठला सांगाय गेलो तर म्हनला, आप इंजन देखो. मग म्या इंजन बघितलं. सुरू झालं. आलो घरला."

मी फोन ठेवला. मुलाने अर्धं ऐकलं होतं, आणि या वेळी त्याला सगळं कळलं होतं.

दुपारी आम्ही बंगल्यावर गेलो. सेठजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "मैडम, बच्चे को बचाने आई हैं?" मी म्हटलं, नंबर पाहायला आले आहे. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा होता. मुलाने आणि ड्रायव्हरने गाडी ढकलून खड्ड्यावर आणली, सेठजींनी झाकणाची किल्ली तिजोरीतून काढून दिली. मुलगा उतरायला निघाला तर मी म्हटलं, तू वरून झाकण धर, छाप काढायला मला येते. चासी नंबराची छाप हे आमच्या खात्यातलं रोजचं काम. बॅटरी, खडू, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद. नळीवर तेलाची साय होती. ती रॉकेलच्या फडक्याने पुसली, खडू घासला, तळव्याने पुसला. आकडे पांढरे होऊन वर आले. सतरा जागा, सगळ्या भरलेल्या, अंतर सारखं, कुठेही घासलेलं किंवा परत ठोकलेलं नाही. चोरीच्या गाड्यांचे खाडाखोड केलेले नंबर मी शेकड्यांनी पाहिले आहेत. हा खरा होता. गुडघ्यांनी तेवढ्यात दोनदा तक्रार केली, पण कागद हलू दिला नाही.

वर येऊन मी छाप मुलाच्या हातात दिली. त्याने पाचव्या जागेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"बोल ना," सेठजी म्हणाले. "असली है?"

"असली है, सेठजी. सौ टका."

सेठजींनी छातीवर हात ठेवला. सेठाणींनी आतून लाडू मागवला. मुलगा म्हणाला, "लेकिन पाँचवें नंबर पर 'ए' है. यूरोप की होती तो ज़ीरो होता. ये अमेरिका वाली है."

आणि त्याने झाकण पूर्ण उघडलं. कुबडाच्या आत खरोखरच वारा होता. कुणी आधीच्या मालकाने बंपर काढले होते, बाजूच्या दिव्यांच्या भोकांत पुट्टी भरली होती, काटा बदलला होता, आणि ज्या गाडीतून मागचं थोडं दिसत होतं तिच्यावर ते दिसू नये म्हणून डोंगर बसवला होता. सेठजी सहा वर्षं उंबऱ्यावर बसून मान वाकडी करत गाडी मागे घेत होते. त्यांच्या मानेला पट्टा होता. तो कशामुळे, ते आज कळलं.

सेठजींना नकली गाडीपेक्षा अमेरिकन गाडीचा धक्का जास्त बसला. नकली निघाली असती तर फसवणूक झाली असं सांगता आलं असतं. अमेरिकन निघाली म्हणजे ओळखता आलं नाही.

"लाडू वापस ले जाओ," ते म्हणाले.

मग त्यांनी डोकं लावलं. व्यापारी माणूस, धक्का फार वेळ धरून ठेवत नाही. म्हणाले, "नंबर असली है, बस. यूरोप लिख दो. पाँचवाँ अक्षर ज़रा हल्का छाप देना. कौन नीचे झुकेगा?"

"झुकेंगे," मुलगा म्हणाला.

"मैडम, आप तो बीमा वाली हैं, आप समझाइए इसको."

खरं सांगते, त्या क्षणी मला समजवावंसं वाटलं. बावीस वर्षं मी लोकांचे दावे एका अक्षरावरून परत केले, पण त्यांतला एकही अर्ज माझ्या मुलाचा नव्हता. एक 'ए' पुसट झाला तर कुणाचं काय गेलं असतं? गाडी तीच, नळी तीच. तिसरी नोकरी मात्र राहिली असती. मी तोंड उघडलं, आणि मुलगा माझ्याआधी बोलला.

"सेठजी, साइन मेरी है."

"तो साइन लेकर घर जाओ," सेठजी म्हणाले.

आम्ही साइन घेऊन घरी आलो.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "बरं केलं बे," तो म्हणाला, आणि दोन मिनिटांनी, "पण आता काय करून राहिला?" मुलगा काहीच करून राहिला नव्हता. सोमवार गेला. मंगळवारी त्याने अर्जाची एक प्रत स्वतःच भरली, खरी खरी, कुणाला द्यायची नसताना. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, अधूरं ठेवलं की झोप येत नाही. मी 'अर्धवट' म्हण असं सांगितलं. त्याने तसं म्हटलं. त्याला एवढं जमलं, पण मला स्थळांच्या फोनला काय सांगायचं ते जमत नव्हतं.

बुधवारी सकाळी सेठजींचा फोन आला. मुलाने तो स्पीकरवर टाकला, बहुतेक हिंमत वाढावी म्हणून.

"यूरोप वाली लाइन में कौन-कौन उतरा है?"

"दिल्ली से एक, मुंबई से दो. तीनों एक नंबर हैं, सेठजी."

"और अमेरिका वाली में?"

"कोई नहीं."

पलीकडे सेठजींनी सेठाणींना हाक मारून चहा सांगितल्याचं ऐकू आलं.

"तो झूठ बोलने की ज़रूरत क्या है?" ते म्हणाले. "मैं तो पहले दिन से कह रहा हूँ, जो है सो लिखो. ग्यारह बजे आ जा."

मुलगा साडेदहालाच गेला. अर्जात त्याने नंबर लिहिला, छाप लावली, बाजारपेठ अमेरिका लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं की इंजिनावरचा उंचवटा मागाहून बसवलेला आहे आणि आत काही नाही. हे त्याने सेठजींना वाचून दाखवलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

प्रदर्शनाला मीही गेले. सेठाणींनी आग्रह केला, कुंती को आपने ही तो पहचाना. गेल्या आठ दिवसांत सेठजींचं अमेरिकेवर प्रेम बसलं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की यूरोप वाली तो सबके पास होती है. सेठाणीही खूश होत्या, कारण त्यांची मुलगी अमेरिकेत होती आणि आता गाडी लेकीकडची वाटत होती. त्या गटात कुंताश एकटी उभी होती. शेजारी कुणी नाही, त्यामुळे पहिला नंबर उभा राहिल्या जागी मिळणार हे उघड होतं. सेठजींनी फेटा बांधून घेतला होता आणि बक्षीस कुठल्या हाताने घ्यायचं याचीही तालीम झाली होती.

एक सत्तरीचे परीक्षक आले. त्यांनी अर्ज वाचला, मुलाकडे पाहिलं, मग हिरवळीवर चादर टाकून गाडीमागे आडवे झाले आणि आरशाने नळी पाहिली. उठून त्यांनी कुबडावर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले.

निकाल जाहीर झाला. या गटात पहिला क्रमांक राखून ठेवण्यात आला आहे, दुसरा क्रमांक, सेठजींचं नाव.

एकटीच गाडी, आणि दुसरी आली. मी आयुष्यात पुष्कळ निकाल पाहिले, पण स्पर्धक नसताना हरलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला. सेठजी वर गेले, हाताची तालीम विसरले, ढाल घेऊन खाली आले आणि सरळ परीक्षकांना गाठलं. परीक्षक इंग्रजीत म्हणाले, गाडी उत्तम आहे, पण कुबड तिचं नाही. मूळ स्वरूपात आणा, मग पाहू. सेठजी वळले.

"कूबड़ का उनको किसने बताया?"

"मैंने," मुलगा म्हणाला. "फॉर्म में लिखा है."

मी पर्स घट्ट धरली. आजूबाजूला जरीच्या साड्या होत्या, टोप्या होत्या, सगळे ऐकत होते. सेठजींनी ढालीकडे पाहिलं, मग गाडीकडे. दिल्लीचा तो युरोपवाला तिसरा आला होता आणि तोंड पाडून गाडीला कव्हर घालत होता. सेठजींनी तेही पाहिलं.

"अगले साल पहला चाहिए," ते मुलाला म्हणाले. "कूबड़ उतरवा. बत्तियाँ वापस लगवा. मीटर मील वाला. और वो बम्पर, जहाँ से भी मिले, ढूँढ. मिस्त्री से बात कर. तू ही करेगा, और कौन करेगा?"

घरी येताना मुलगा स्कूटर चालवत होता आणि मी मागे. सिग्नलला थांबल्यावर त्याने मान वळवली.

"आई, मिस्त्रीकाकांना फोन केला. ते म्हणतात, कुबड आठवड्यात निघेल. पण बम्पर जुने, असली, मिळायला मुश्किल आहेत. दोन-तीन वर्षं पण लागू शकतात."

"मग घाई करू नकोस," मी म्हटलं.